न दमणारं कासव

पडद्यावरचा हिरवा ठिपका सकाळपासून एकाच जागी थरथरत होता. म्हणजे कासव जाळ्यात अडकलं होतं. खोलीतली सगळी माणसं खुर्च्या ओढून पडद्यापुढे बसली होती, कपातला चहा गार होत होता, आणि केतकी खवणेकर तेवढी खिडकीशी उभी राहून नखं खात होती. ठिपका आडबंदराच्या समोर होता आणि आडबंदर तिचं गाव. त्या बाजूला या वेळी जाळं ओढणाऱ्या होड्या दोनच. त्यातली एक तिच्या बापाची.

बऱ्याच वेळाने ठिपका हलला. आधी जरासा, मग सरळ खोल पाण्याच्या दिशेने निघाला.

"सुटलं!" कुणीतरी ओरडलं आणि टाळ्या पडल्या. प्रकल्पप्रमुख इनामदार सर उठून केतकीजवळ आले. "अगं, तुझ्या गावाला साष्टांग नमस्कार घालायला हवा. एकही यंत्र वाया गेलं नाही अजून. पेढे आणा रे कुणीतरी!"

इतक्यात तिचा फोन वाजला. ती बाहेर व्हरांड्यात गेली.

"गो केतके, च्या घेतलंस?" बापाचा, लवू खवणेकरांचा आवाज नुसता फुलून आला होता. मागे होडीचं बॅटरीवरचं मशीन गुणगुणत होतं. "आज परत पाव्हणो इल्लो जाळ्यात. मोठो! बघी होतो असो, जसा काय ओळखता माका. जाळा कापलंय, पिंजर लावलंय आणि सांगलंय, जा देवा, सुखान जा."

पिंजर म्हणजे कुंकू. लवूच्या होडीत त्याची डबी कायम असायची.

"जाळा खूप फाटला, बाबा?"

"फाटांदे गो! जाळा विणूक येता. देव विणूक येता काय?"

"बरा केलास," केतकी म्हणाली आणि तिने फोन ठेवला. आत आली तेव्हा तिच्या हातावर पेढा ठेवला गेला. तिने तो न खाता रुमालात गुंडाळून ठेवला.

हा काय प्रकार होता ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

समुद्राचं वरचं पाणी तापलं की हलकं होतं आणि खालच्या गार पाण्यावर सायीसारखं धरून बसतं. मग वरची हवा खाली पोचत नाही. तळाशी जे काही मरून पडतं, ते कुजताना खालचा उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतं. असलं पाणी खोलवर पडून राहिलं तर कुणाचं काही बिघडत नाही. पण पावसाळा सरता सरता वारे फिरतात, वरचं पाणी बाहेर ढकललं जातं आणि खालचं किनाऱ्याकडे चढू लागतं. त्याच्या वाटेत सापडलेली मासळी गुदमरून मरते. हे पूर्वीही व्हायचं, पण थोडं. समुद्र तापत गेला तसं ते दरवर्षी, गावंच्या गावं उपाशी पाडत व्हायला लागलं. मच्छीमार त्याला 'मेलेलं पाणी' म्हणत. ते उपग्रहाला दिसत नाही, कारण उपग्रह पाण्याची फक्त कातडी बघतो. ते कुठून वर येतंय हे आदल्या दिवशी कळायचं, तर पाण्याखाली सतत हिंडून हुंगत राहणारं काहीतरी हवं होतं. त्यासाठी वेंगुर्ल्याच्या अलीकडे एका टेकडीवर 'श्वास' नावाचा प्रकल्प उभा राहिला.

पहिली यंत्रं नळकांड्यासारखी होती, मागे पंखा असलेली. पंखा फिरतो, जाळं त्याच्यात गुंडाळतं, आणि मच्छीमार वर ओढतो ते काय, तर मासळीऐवजी एक लोखंडी भुताटकी! काहींनी ती दगड बांधून बुडवली, आणि त्यांचं काही चुकलं असं म्हणवत नाही. एक यंत्र कुणाच्या तरी परसात उभं चिरून कोंबड्यांना पाणी पाजायला ठेवलेलं सापडलं. प्रकल्प बंद पडायची पाळी आली.

त्यासाठी बोलावलेल्या बैठकीत केतकी बोलली. नवीच होती, तोवर तोंड उघडलं नव्हतं. म्हणाली, "आमच्या बाजूला कासव जाळ्यात आलं तर त्याला कुणी मारत नाही. विष्णूचा अवतार म्हणतात. आपलं जाळं कापतात, त्याला कुंकू लावतात आणि सोडून देतात. आपण कासवच केलं तर?"

मग जी काही वाहवा झाली! गावच्या रीतीचं असं कौतुक, तेही इतक्या शिकलेल्या माणसांत, केतकीने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. तिला आनंदाने रडू यायचं बाकी राहिलं. रात्री तिने बापाला फोन केला आणि नोकरीत आपलं चांगलं चाललंय एवढंच सांगितलं. बाकीचं सांगायचं नाही असं प्रकल्पाचं बंधन होतं. लोकांना कळलं तर ते सोडणार नाहीत, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. केतकीनेही.

आणि कासवाचा नमुना होताही मोठा गुणाचा. कासव पाण्यात वल्हवत नाही, उडतं. त्याचे पुढचे पाय म्हणजे पंखच. ते खाली येतानाही पुढे ढकलतात आणि वर जातानाही, त्यामुळे थोड्या शक्तीत ते लांबवर जातं. पंखा नाही, म्हणून आवाज नाही. मासळी बिचकत नाही. कवच टणक आणि ऐसपैस, त्यात बॅटऱ्या आणि पाणी हुंगणारी उपकरणं आरामात मावतात. केतकीने पायांत वीज दिली की आखडणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या भरल्या, हुबेहूब स्नायूंसारख्या. वर रबराची सुरकुतलेली कातडी. फुप्फुसाच्या जागी एक फुगा ठेवला, तो फुगला की वर, आक्रसला की खाली. आणखी एक युक्ती तिनेच घातली. मेलेलं पाणी खऱ्या कासवांना माणसाच्या आधी कळतं. म्हणून आसपास खरं कासव दिसलं, की यंत्राने गुपचूप त्याच्या मागे पोहायचं.

एकच अडचण निघाली. जाळ्यात अडकलं की पहिलं कासव बॅटरी वाचवायला निपचित पडायचं. लोकांना वाटलं, मेलं. एका गावाने तर त्याला वाळूत खड्डा खणून, वर नारळ ठेवून रीतसर मूठमाती दिली. पडद्यावरचा ठिपका जमिनीवर जाऊन थांबला, तेव्हा खोलीत हसून हसून सगळ्यांच्या मुरकुंड्या वळल्या. केतकीही हसली होती.

मग तिने त्याला धडपडायला शिकवलं. जाळ्यात सापडलेल्या खऱ्या कासवांची चित्रणं तिने अनेक आठवडे पाहिली. आधी मान मागे खेचायची, मग उजवा पाय, मग डावा, मग थांबून तोंड उघडायचं, जणू श्वास घ्यायला. पुन्हा उजवा. बघणाऱ्याला धावत जाऊन सोडवावंसं वाटेल इतकं ते खरं उतरलं. फरक एवढाच, की यंत्राच्या पायांत खऱ्याच्या कितीतरी पट जोर होता, आणि ते दमत नव्हतं.

"सर, त्याला दमूही द्यायला हवं. खरं कासव थोड्या वेळाने शांत होतं, मग ते सोडवणं सोपं जातं," तिने इनामदारांना सांगितलं. "ह्याच्या दोरीत कुणाचा हात सापडला तर मोडेल."

"दमलं की ती माणसं बसतात वाट बघत. धडपडलं की पटकन सोडतात," इनामदार म्हणाले. "पुढच्या हंगामात बघू. आधी ह्या वर्षी माणसं जगवूया."

बोलणं चुकीचं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. त्या सप्टेंबरात मेलेल्या पाण्याचा इशारा आदल्या दिवशी सगळ्यांच्या फोनवर गेला, आडबंदरच्या होड्या दक्षिणेला वळल्या आणि मासळीने भरून आल्या. बऱ्याच वर्षांनी गावात लग्नं ठरली.

केतकी दोन दिवस घरी गेली तेव्हा लवू ओसरीवर पाय पसरून फाटकं जाळं विणत बसला होता. बोटांना चिंध्या बांधलेल्या. आई गेल्यापासून घरात तो एकटाच, पण त्या दिवशी तोंडावर असं काही तेज होतं की जणू घरात लग्नकार्य आहे.

"ह्या वर्सा कासवां उदंड झाली गो. सगळी माझ्याच जाळ्यात! मोती सांगता, लवूदा, तुझी पुण्याई." मोतीकाका म्हणजे त्याच्या होडीवरचा जोडीदार, जन्माचा सोबती. "पुण्याई कसली? मेलेला पाणी इला म्हणान ती बिचारी आमच्याकडे येतत. घरात पाव्हणो इलो तर आपण दार लावतंव काय?"

"बाबा, एक सांगूचा होता."

"सांग मा."

त्याने मान वर केली. डोळे निवळ, लहान पोराच्या डोळ्यांसारखे. सांगितलं तर हे तेज जाईल, नोकरी जाईल, इशारे जातील. आणि सगळ्यांत खरं कारण म्हणजे तिला भीती वाटली.

"काय नाय," ती म्हणाली. "सुई माका दी. मी विणतंय जरा."

ते शेवटी बापाला कळलंच, पण तिच्याकडून नाही. दिवाळीच्या सुमाराला जाळं कापताना लवूची सुरी निसटली आणि कासवाच्या मानेवर लांब चीर गेली. "अरे देवा!" म्हणत त्याने जखमेवर हात दाबला. रक्त येईना. चिरेतून पांढरं रबर दिसत होतं आणि रबराआड तारा. कासव आपलं धडपडत होतं, मध्येच तोंड उघडत होतं. मोतीकाकाची भीतीने बोबडी वळली. त्याने कोयता उचलला आणि त्या मानेवर घातला. तारांचा जुडगा तिथूनच जात होता. एका घावात ते थंड झालं.

त्या दिवशीच्या फोनमध्ये चहाची चौकशी नव्हती. "केतके, घराक ये," एवढंच.

ओसरीवर ते मोडकं यंत्र ठेवलेलं होतं. लवू भिंतीला टेकून बसला होता.

"ह्या तुमचा?"

"होय."

"कवापासून?"

"गेल्या वर्सापासून."

"म्हणजे मी पिंजर लावलंय, हात जोडलंय, ता सगळा..."

"सगळी नाय, बाबा. खरी पण होती."

"खयची?"

केतकीला नेमकं ठाऊक होतं. एक सोडून सगळी यंत्रंच होती. ती खाली बघत राहिली आणि लवूला काय ते समजलं. त्याचा चेहरा असा काही उतरला की तिला वाटलं, त्याने चार थोबाडीत माराव्यात, पण असं बघू नये.

"तू थंय बसान बघी होतंस?"

"होय."

"आणि हसत होतात तुमी?"

"नाय बाबा. शप्पत नाय," ती म्हणाली, आणि तिला वाळूत पुरलेलं ते पहिलं यंत्र आठवलं. मग ती घाईघाईने सांगू लागली. मेलेलं पाणी, प्राणवायू, इशारे. त्याने सगळं ऐकून घेतलं. मध्येच मान हलवली.

"काम बरा असा," तो म्हणाला. "पण आदी सांगूक होया होता. सांगलंस असतंस तरी आमी सोडलाच असता गो. जाळा काय, परत विणलंव असतंव."

केतकी तिथेच ओसरीवर बसून ढसाढसा रडली. इतक्या हुशार माणसांच्या खोलीत हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, आणि तिच्याही नाही, जी ह्याच्या हातचं खाऊन वाढली होती.

गोष्ट किनाऱ्यावर पसरायला वेळ लागला नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकसुद्धा फुंकून पितो, आणि इथे तर देवाच्या नावाने पोळलं होतं. जाळ्यात कासव आलं की होड्यांतून कोयते निघू लागले. मान तोडायची आणि बघायचं, तारा निघतात का रक्त. पहिल्याच आठवड्यात वाळूवर मान तुटलेली खरी कासवं लागली. एकीच्या पोटात अंडी होती.

केतकी इनामदारांच्या खोलीत शिरली. "सर, यंत्रं परत बोलवा."

"आणि इशारे? पाणी अजून चढतंय, केतकी. तुझ्याच गावच्या होड्या रिकाम्या येतील."

"मग पिवळा पट्टा तरी ओढूया. लांबून ओळखू येतील."

"पट्टा ओढलेलं एकही परत येणार नाही. आता तर नाहीच."

"खरी कासवं मरतायत, सर."

इनामदारांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माहीत आहे गं मला," ते म्हणाले. माणूस दुष्ट नव्हता. झोप उडालेली दिसत होती. केतकीने कपाटातून ऐकायची पेटी काढली आणि काखोटीला मारली. प्रत्येक यंत्र पाण्याखाली एक बारीक आवाज सोडत असे, माणसाला ऐकू न येणारा. पेटीची तार पाण्यात सोडली की जवळपास यंत्र असलं तर पेटी वाजे. इनामदारांनी ते पाहिलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

आडबंदरात मांडावर गाव जमलं. मांड म्हणजे गावकीची बसायची जागा. तिथे पूर्वी कधी एकटी बाई उभी राहून बोललेली नव्हती. केतकीला बोलायच्या आधीच पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं. "बापसाक फसवलंस, आमका काय सांगतंस?" असं कुणी म्हणालं, तेव्हा तिने मान खाली घातली. मग पेटी वर धरून म्हणाली, "कासव गावला तर कोयतो उचलच्या आदी माका इचारा. ह्या वाजला तर ता आमचा. ता खुशाल तोडा, मी अडवूचंय नाय. नाय वाजला तर देवाचा. जाळा कापून सोडा. देवाच्या रक्ताचा पाप आणखी नको."

मग लवू उठला. तो त्या दिवसापासून लेकीशी कामापुरतंच बोलत होता.

"माझ्या होडीत येतली ती," तो म्हणाला. "आणि ती सांगात ता खरा."

घरी परतताना त्याने तिच्या काखेतली पेटी आपल्याकडे घेतली आणि म्हणाला, "जड असा. हात भरान येतलो तुझो." केतकीला तेवढ्याने गहिवरून आलं. गेलेला बाप परत मिळाल्यासारखं वाटलं.

आणि खरंच, जमलं. पेटी एकच, पण लवूची होडी सगळ्यांच्या हाकेला जाई. कुठे पेटी गप्प राही, केतकी म्हणे "देवाचा," जाळं कापलं जाई आणि कुंकू लागे. कुठे पेटी वाजे, ती म्हणे "आमचा," आणि कोयता पडे. एकदाही चुकलं नाही. कोयता पडला की केतकी दुसरीकडे बघायची. तिचीच ती घडण होती. पण ती अडवत नसे. बापाचे हात स्वच्छ राहतायत, एवढं तिला पुरे होतं. लवू पुन्हा होडीत गुणगुणू लागला. मोतीकाका तिला "आमची कासवांची डॉक्टरीण" म्हणून चिडवू लागला.

त्या दिवशी ऊन चांगलं वर आलं होतं. तिघंच होडीत. जाळं जड लागत होतं, लवू आणि मोतीकाका दोघे मिळून ओढत होते. पहिल्या वळशात कासव दिसलं. मोठं, पाठीवर शेवाळ. काठाशी येताच त्याने असा हिसका दिला की जाळ्याची दोरी मोतीकाकाच्या मनगटाभोवती पिळली गेली आणि तो छातीवर पडून होडीच्या काठावर ओढला गेला.

"मेलंय मी! लवूदा, हात गेलो माझो!"

केतकीने तार पाण्यात फेकली. पेटी खणखणून वाजू लागली. इतकी जोरात ती कधी वाजली नव्हती.

लवूने एका हाताने मोतीकाकाची कंबर धरली होती, दुसऱ्यात कोयता. "केतके, सांग! तुमचा काय देवाचा?"

दोरी मनगटात रुतून कासवाच्या पायाशी आवळली होती, ती कापायला मध्ये बोटभरही जागा नव्हती. कासव खरं असेल तर मोतीकाकाला धरून थांबायचं. खरं कासव दमतं, दोरी आपोआप सैल पडते. यंत्र असेल तर थांबण्यात अर्थ नाही, ते मनगट तोडूनच थांबेल. यंत्र बंद करायची चुंबकाची चावी केतकीच्या गळ्यात होती, पण ती पोटाखाली नेमक्या जागी लावावी लागे, आणि पोट होडीच्या बाहेर, पाण्यात. तिने कासवाकडे पाहिलं. मान मागे. उजवा पाय, मग डावा. थांबून तोंड उघडलं. पुन्हा उजवा. तिने स्वतः बसवलेली चाल, ताल न चुकता. पेटी कानाशी बोंबलत होती. मोतीकाका गुरासारखा ओरडत होता.

"आमचा!" ती किंचाळली. "मार, बाबा!"

लवूने कोयता घातला.

रक्त उडालं ते आधी लवूच्या तोंडावर. मग होडीच्या फळीवर, मोतीकाकाच्या सदऱ्यावर. दोरी सैल पडली, मोतीकाका मागे कोसळला आणि हात पोटाशी धरून विव्हळू लागला. अर्धी तुटलेली मान एका बाजूला कलली होती. लवूने कोयता सोडला. दोन्ही हातांनी त्याने ते कासव होडीत घेतलं, जाळ्यासकट, आणि मांडीवर धरल्यासारखं धरून बसला.

पेटी वाजतच होती.

"असा कसा?" केतकी पुटपुटली. तिने वेड्यासारखं जाळं ओढायला सुरुवात केली. एकटीला ते ओढवेना, हात सोलवटले, तरी ओढत राहिली. दुसऱ्या वळशात ते आलं. तसंच मोठं, तशीच सुरकुतलेली कातडी. तिनेच सांगितलं होतं त्याप्रमाणे, इमानेइतबारे खऱ्या कासवाच्या मागोमाग पोहत ते त्याच जाळ्यात शिरलं होतं.

काठावर येताच ते धडपडू लागलं. मान मागे, उजवा, डावा, तोंड उघडलं. आणि इकडे फळीवर, रक्तात, पहिलंही तेच करत होतं. कासवाचा जीव लवकर जात नाही. उजवा पाय, डावा पाय, थांबून तोंड उघडलं.

केतकीने यंत्राच्या पोटाखाली हात घातला आणि चावी टेकवली. ते जागच्या जागी थांबलं. पेटी गप्प झाली. समुद्रावर एकदम शांतता पसरली, फक्त फळीवर पाय आपटल्याचा आवाज येत होता.

लवूने त्या थांबलेल्या यंत्राकडे पाहिलं. मग केतकीच्या हातातल्या चावीकडे. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उन्हात वाळत चाललं होतं. तो रागावला नव्हता. अगदी हळू आवाजात, खरोखर माहीत नाही म्हणून विचारावं तसं त्याने विचारलं.

"हेका पण तसा करूक येता काय गो, बाय?"

कोयता फळीवर पडला होता. आणखी एक घाव घातला असता तर त्या जिवाचे हाल संपले असते, हे तिघांनाही कळत होतं. लवूने कोयत्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. मोतीकाकाने डावा हात पुढे केला आणि मागे घेतला. केतकीने कोयता उचलला, दोन्ही हातांनी डोक्यावर धरला, आणि तिला ते होईना. तिने कोयता खाली ठेवला. मग आपण काय करतोय हे न कळून ती गुडघ्यांवर सरकत पुढे गेली आणि कासवाच्या पोटाखाली, त्या मऊ, गार जागी, तिने चावी टेकवली. टेकवून धरली. लवू तिच्या हाताकडे बघत होता.

मग मोतीकाकाने एका हाताने मशीन चालू केलं आणि होडी घराच्या दिशेला वळवली. बंदर दिसू लागलं, किनाऱ्यावरची माणसं ओळखू येऊ लागली, तरी कासवाचा उजवा पाय हलतच होता.